हौदाच्या पायरीवर काय लावू? मे महिना सोसेल असं सांगा

परसवेडी, सांगली:
परसात ८ बाय ५ फुटांचा हौद बांधून घेतला, खोली २ फूट. गवंड्याला सांगून एका बाजूला ६ इंच पाण्याखाली येईल अशी वीतभर रुंद पायरी ठेवली. मधल्या कमळाला अजून दोनच पानं आहेत. पायरीवरची तीन रोपं मात्र महिन्याच्या आत गेली. एकाचं तर नावही कळलं नाही, रोपवाटिकेतला म्हणाला, "पाण्यातलं आहे, मरत नाही." दुपारभर थेट ऊन असतं, शिवाय मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावी. फुलं नाही आली तरी चालेल, पण टिकलं पाहिजे.

नागपूरचा काका:
ताई, रोपांना दोष देण्याआधी सांगा, हौद बांधून किती दिवस झाले होते? नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, मुळं जळतात. माझाही पहिला हौद असाच रोपं खाऊन बसला होता. आठवडाभर भरून ठेवा, उपसा, पुन्हा भरा, असं तीनदा. आमच्याकडे त्यात केळीच्या खुंटाचे तुकडेही टाकतात.

मे महिन्याची काळजी करू नका. पाच इंच उंचीच्या पसरट कुंड्या पायरीवर ठेवा आणि निघताना हौद काठोकाठ भरा. दहा दिवसांत चार इंच पाणी उडालं तरी कुंडीचा तळ दोन इंच पाण्यात राहतो. नागपूरच्या ४५ अंशांत माझं वेखंड असंच निघतं. शेंडे करपतात, कंद जिवंत असतो, पहिल्या पावसात कोंब येतात. कंद आडवा लावा, पाठ उघडी ठेवा. पान चुरडून बघा, बाळगुटीचा वास!

जोडीला साधी लाल कर्दळ. तिला एकदम बुडवू नका. आधी कुंडीखाली पाण्याची थाळी, मग हौद. छत्रीगवत विकत कशाला घेता? कुणाकडून त्याच्या शेंड्यावरची पानांची एक छत्री मागा, दांडा आखूड कापून पाण्यात उलटी तरंगत ठेवा, मुळं फुटतात.

माती साधी, जड. शेणखत अजिबात नको, पाणी हिरवंगार होतं. वर खडीचा थर.

देवगडची:
कर्दळीबद्दल काकांशी अर्धीच सहमत. पावसाळ्यात अळ्या पानांच्या सुरळ्या करून आत बसतात, रोज उलगडत बसावं लागतं. काठ झाकायला ब्राह्मी लावा, पण बारीक, मांसल पानांची. गोल पानं दिसली तर ती मंडूकपर्णी; विकणारे दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. आणि पाणकणसाच्या मोहात पडू नका. आमच्या विहिरीकडच्या डबक्यात एकच गड्डा लावला होता, आता डबकं कुठे आहे ते शोधावं लागतं. डासांसाठी गप्पी मासे सोडा, पण हौद धुऊन झाल्यावर.

परसवेडी, सांगली:
काका, गवंडी गेला त्याच्या चौथ्या दिवशी रोपं लावली होती मी! आजच उपसायला घेते, कमळ तोवर टबात. वेखंड काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, ते लावलं तर चालेल?

नागपूरचा काका:
नाही हो, ते वाळवलेलं. कोंब असलेला ओला कंद हवा.