बालगंधर्व आणि प्रेक्षकांचा कडवटपणा
लोकांच्या मनातील प्रतिमा ओसरण्याआधी नटाने रंगभूमी सोडावी, म्हणजे उतारवयात कडवटपणा येत नाही, हे मत स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले गायक-नट बालगंधर्व यांच्या बाबतीत मला अपुरे वाटते. १९२१ मध्ये दुसऱ्या नाटक मंडळीचे गायक-नट केशवराव भोसले यांच्यासह टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. पुढे वय वाढले, त्यांच्या नाटक कंपनीवर कर्ज झाले, तरी त्या नाटकातील नायिका भामिनीचे ते रूप मनात जपलेला प्रेक्षक तेच पुन्हा मागत राहिला. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली खरी, पण त्यांचा जीव रंगभूमीतच होता आणि ते तिच्याकडेच परतले. गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी असलेल्या त्यांच्या नात्यावरून झालेली निंदा मला आजही अन्यायाची वाटते, कारण अखेरच्या काळात पाय निकामी झाल्यावर त्यांना सांभाळले ते याच बाईंनी. कडवटपणा असलाच तर तो प्रेक्षकांकडे अधिक होता: ज्याला आपण रंगमंचावर स्त्री म्हणून डोक्यावर घेतले, त्याने घरात कोणाबरोबर राहावे हेही आपणच ठरवावे, असे अनेकांना मनापासून वाटत होते.