विमानभाड्याला कायमची मर्यादा हवी की नको?

वऱ्हाडी
मंडळी, डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, ५ तारखेला तर एका दिवसात हजाराच्या वर, आणि बाकीच्यांची तिकीटं आकाशाला भिडली. दुसऱ्या दिवशी सरकारने भाड्याला वरची मर्यादा लावली: ५०० किमीपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. माझं म्हणणं, हे कायमचं करा. शंभरातले पासष्टच्या आसपास प्रवासी एकाच कंपनीकडे, एअर इंडियाचा गट धरला की दोघांत मिळून नव्वदच्या घरात, मग याला बाजार तरी कसं म्हणायचं? नागपूरहून मुंबईला कुणी सिरीयस आहे म्हणून रातोरात निघायचं असेल तर माणूस दर बघत बसत नाही, दिसेल तो आकडा भरतो. एसटीचं भाडं ठरलेलं, रेल्वेचं ठरलेलं, रिक्षाला मीटर, मग विमानकंपन्यांनाच मोकळं रान का?

सीए_नाशिककर
तळमळ पटते दादा, पण औषध चुकतंय. भाडं बांधून आपण आधी बघितलंय. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ भाड्याला वरून पण मर्यादा होती आणि खालून पण. खालून कशाला, तर मोठ्याने भाव पाडून छोट्याला संपवू नये म्हणून. तरी गो फर्स्ट ही विमानकंपनी मे २०२३ मध्ये बसलीच, कारण प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या भानगडीत त्यांची जवळपास निम्मी विमानं जमिनीवर होती. तीच इंजिनं इंडिगोकडेही होती, त्यांचीही कित्येक विमानं उभी राहिली, पण गाठीला पैसा होता म्हणून निभावलं. तुम्ही शेवटच्या क्षणीचं महाग तिकीट काढून टाकलंत की महिनाभर आधी मिळणारं स्वस्त तिकीट पण जाणार, कारण एकाच विमानातले उशिरा तिकीट काढणारे लवकर काढणाऱ्यांचा भार उचलतात. आणि किंगफिशर, जेट, गो फर्स्ट या बंद पडलेल्या कंपन्यांना इंडिगोने बुडवलं नाही, बहुतेक आपापल्या कर्जाने बुडाले. इंडिगोचं म्हणाल तर बहुतेक एकाच जातीची विमानं, खर्चावर करडी नजर, २००६ पासून हेच धोरण. कष्टाने मिळवलेला वाटा हा गुन्हा नाही, कायद्यात पण नाही. गुन्हा आहे तो त्या वाट्याचा गैरवापर. भाडं खरंच उतरवायचं तर इंधनाचं बघा ना, ते अजून जीएसटीच्या बाहेर आहे आणि प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्राने २०२३ ला मुंबई-पुण्यात तो २५ वरून १८ टक्के केला होता!

मीनल_ठाणे
तुम्ही दोघं भाड्यावर भांडताय, पण डिसेंबरमध्ये विमानं रद्द का झाली हे कुणीच बोलत नाही. माझा नवरा पायलट आहे, कंपनीचं नाव घेणार नाही. पहाटे चारचं रिपोर्टिंग म्हणजे दीडला उठायचं, घरातले सगळे झोपलेले, गाडी खाली हॉर्न न देता थांबलेली, आणि परत आला की दिवसा पडदे ओढून झोपायचा प्रयत्न, तेवढ्यात शेजारी ड्रिल मशीन सुरू. असे तीन-चार दिवस लागोपाठ गेले की माणूस बोलायचंच बंद करतो. म्हणून डीजीसीएने, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीच्या ड्युटीत लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांनी ढकलत ढकलत नेलं, पायलटांच्या संघटना कोर्टात गेल्यावर एक टप्पा जुलै २०२५ ला आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला. म्हणजे तयारीला पावणेदोन वर्षं होती. पायलट भरले नाहीत, उलट हिवाळ्याचं वेळापत्रक वाढवून घेतलं आणि डीजीसीएने मंजूर पण केलं. मग गोंधळ झाल्यावर सूट कुणाला मिळाली? इंडिगोलाच, १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत. मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. पैशाचं पुढे बघू, आधी हे सांगा की पायलटच्या झोपेत सवलत देणारे हे कोण?

वऱ्हाडी
मीनलताई, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत, आणि माझा मुद्दा हाच तर आहे! कंपनी इतकी मोठी झाली की सरकारला नियम मागे घ्यावा लागला. नाशिककर, गैरवापर अजून वेगळा काय असतो? आणि २०१८ मध्ये सीसीआयने, म्हणजे स्पर्धा आयोगाने, जेट, इंडिगो आणि स्पाइसजेटला दंड केला होता, मालवाहतुकीवरचा इंधन अधिभार आपसात ठरवला म्हणून. हे लोक मिळून दर ठरवतात हे कागदावर आहे.

सीए_नाशिककर
तो दंड कार्गोचा होता, प्रवासी भाड्याचा नाही, ते एकत्र करू नका. डिसेंबरचं प्रकरण सीसीआय बघतंय, बघू द्या. आणि सूट द्यायला नको होती यात मीनलताईंच्या बाजूने मी पण आहे. फेऱ्या कापायच्या होत्या, आणि त्या १० टक्के कापल्याही, पण नंतर. आधी पायलटची यादी बघून मगच वेळापत्रक मंजूर केलं असतं तर ही वेळच आली नसती.

मालवणी_माणूस
आमच्याकडचं सांगतो. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या थाटात सुरू झाला, उडान या सरकारी योजनेची तीन वर्षांची मदत संपली आणि मुंबईचं विमान बंद पडलं. मदत द्यायला कुणाची ना नव्हती, पण मुंबईत सकाळची वेळ मिळाली तर लोक खरंच बसतात. ती वेळ म्हणजे स्लॉट, आणि ते जुन्या कंपन्यांकडे पिढीजात जमिनीसारखे पडून आहेत, ऐंशी टक्के वापरले की पुढच्या मोसमात परत त्यांचेच. जेट २०१९ ला बंद पडली तेव्हा मुंबईचे स्लॉट घाईघाईत आधीपासून उडणाऱ्यांनाच वाटले. त्यामुळे वऱ्हाडी, तुमची भाड्याची मर्यादा एटीआरची छोटी, पंख्याची विमानं घेऊन उडणाऱ्या फ्लाय९१ सारख्या छोट्या कंपनीलाच नडेल, इंडिगो ती सहज पचवेल. नवी मुंबई २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालंय. तिथल्या सकाळच्या स्लॉटांपैकी निम्मे नव्या आणि छोट्या कंपन्यांना राखून ठेवा, आत्ताच, एकदा वाटले की परत मिळत नाहीत.

वऱ्हाडी
स्लॉट राखा, जरूर राखा. पण नवी कंपनी उभी राहून तिची चार विमानं नागपूरला यायला पाच वर्षं लागतील, तोवर माझ्या गावच्या माणसाने रात्री दहाला तिकीट काढायचं ते कितीला? मर्यादा दिवाळी-उन्हाळ्यात आणि विमानं रद्द होतील त्या दिवशी तरी आपोआप लागू व्हावी, मंत्र्यांच्या ट्वीटची वाट बघायला लागू नये. एवढं तरी मान्य आहे का?

सीए_नाशिककर
विमानं रद्द होतील त्या दिवसापुरतं मान्य. दिवाळीला नाही.