सिझरबरोबर टीएल (बाईची नसबंदी) असतं तेव्हा कॅथलिक नर्सने काय करायचं? मदत हवी आहे

वसईची_स्टाफ
मी वसईची, जीएनएम. एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला आहे. हॉस्पिटल मिशनचं नाही.

एमटीपीचा (गर्भपाताचा) प्रश्न कसाबसा सुटलाय. इनचार्ज सिस्टरना माहीत आहे, त्या दुसरीला लावतात. बाळाचे ठोके आधीच थांबलेले असतील तर ती डी अँड सी (गर्भाशय साफ करणं) मी स्वतःहून घेते, त्यात धर्माच्या आड येण्यासारखं काही नाही.

अडचण टीएलची आहे. बाईचं दुसरं सिझर, संमतीपत्रावर तिची सही. बाळ निघतं, गर्भाशय शिवून होतं आणि सर हात पुढे करतात, "बॅबकॉक." त्या चिमट्याने बीजनलिका उचलायची, कॅटगटच्या दोऱ्याने बांधायची, कापायची. पाच मिनिटांचं काम. पोट उघडं असताना मी ग्लोव्हज काढून बाहेर जाऊ शकत नाही, जाणारही नाही.

मेट्रनना म्हटलं, टीएल असेल त्या सिझरला मला स्क्रब (टेबलवर हत्यारं द्यायचं काम) नको. म्हणाल्या, "मग निम्मी सिझर बाकीच्या मुलींनीच करायची का?" खरंय त्यांचं. नाइटला तर स्क्रबला एकटीच असते.

नसबंदीला चर्चची मान्यता नाही, पोपच्या १९६८ च्या ह्युमाने व्हिटे या पत्रात तसं स्पष्ट आहे. पण ठरवते ती बाई, करतात ते सर, मी फक्त हत्यारं देते. मग माझा वाटा किती? अर्ज देऊ का? कायदा पाठीशी आहे का? घराचा हप्ता चालू आहे, नोकरी सोडता येणार नाही. "धर्म घरी ठेवून या" हे कृपया नको, रोज ऐकते.

लीड्सची_मावशी
ताई, मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे १९६७ च्या गर्भपात कायद्यात कलम ४ आहे, त्याखाली नकार देता येतो. मात्र बाईच्या जिवावर बेतलं असेल तर नाही. ग्लासगोच्या दोन कॅथलिक मिडवाइफ कोर्टात गेल्या होत्या. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सूट प्रत्यक्ष हातभार लावण्यापुरती, देखरेख किंवा ड्यूटी लावून देणं त्यात येत नाही. आणि नसबंदी त्या कलमात मुळीच नाही. तुमच्याकडे एमटीपी कायद्यात स्टाफसाठी असं कलमच नाही, म्हणून कायद्याची भाषा मेट्रनसमोर काढू नका.

जुनी_मेट्रन
मी कॅथलिक नाही, पण रोस्टर पुष्कळ वर्षं लावलेत. नुसतं "टीएल नको" म्हणालात तर कोणीही वैतागेल. अदलाबदल घेऊन जा: तुम्ही नाताळ सोडून सणांच्या ड्यूट्या घ्या, त्या बदल्यात दिवसाच्या ठरलेल्या टीएल केसेस दुसरीकडे. यादी आदल्या दिवशी लागते, तेव्हाच बोला. टेबलवर उभं राहिल्यावर मात्र नाही.

वसईची_स्टाफ
आभार. दिवाळीच्या ड्यूटीचं उद्याच विचारते. फादरांशीही बोलले. ते म्हणाले, हेतूत सामील होणं वेगळं आणि हेतू नसताना हात लागणं वेगळं. दुसऱ्यात काम किती जवळचं आणि कारण किती मोठं ते तोलतात. पण हत्यार देणं म्हणजे फारच जवळचं, त्यावर ते स्वतःच अडले. तेवढ्या नाइटच्या इमर्जन्सीचं कोणी कसं निभावलंय?