कापड कापताना पाहिल्याशिवाय डिझाइन कळत नाही

वर एकांनी लिहिलंय की फॅशनच्या कोर्समधल्या कंपनी भेटी म्हणजे फीच्या पैशांतली सहल. मला हे अजिबात पटत नाही. मी फॅशन डिझाइन शिकतेय आणि 'मार्कर' हा प्रकार मला खरा कळला तो कारखान्यातल्या कटिंग टेबलापाशी. कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, त्यावर पुढा, पाठ, बाही, कॉलर कमीत कमी जागेत बसवलेला आराखडा, तोच मार्कर. शिवलेल्या कपड्याच्या खर्चात बहुतेक वेळा सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असतो. त्यामुळे आपण कागदावर सहज काढलेला उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून कापायचा, घेर तिथे किती कापड खातो, हे कटिंग मास्तर एका नजरेत सांगतात. होजियरीचं कापड कापण्याआधी रोलमधून उलगडून ठेवतात, कारण ताणलेलं असतानाच कापलं तर तुकडे नंतर आखडतात. हे पुस्तकात असतं, पण लक्षात राहतं ते तिथे पाहिल्यावरच.

कार्यशाळांचंही तेच. येवल्यात पैठणीच्या मागावर बसून पाहा. पदरावरच्या मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने हाताने विणतात, म्हणून उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. मग छापील नक्कल पटकन ओळखता येते, आणि किमतीवर घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

मात्र नुसतं फिरवून आणू नये. एकाच विभागात दिवसभर थांबू द्यावं, कारागिरांना मोकळेपणी प्रश्न विचारू द्यावेत. कॉलेजकडे हा आग्रह पालकांनीही धरावा.