विषय: अपडेटनंतर तानपुरा मागे गेला

मंडळी, नमस्कार.
परवा रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी बघतो तर साहेब आपले आपण अपडेट होऊन बसलेले. तेव्हापासून गाण्याचं काहीतरी बिनसलंय. वडिलांकडच्या भीमसेनजींच्या एलपी मी पुण्यात महिनाभर बसून २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झमध्ये उतरवून घेतल्या होत्या. फायली त्याच, हेडफोन तेच, पण तानपुरा शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. सौ. म्हणते, ''आता तुमचे कान अपडेट करून आणा.'' दिवाळी पहाटेला चहाच्या वेळी हेच लावायचं कबूल करून बसलोय. कुणाला काही सुचतंय का?
– बॉक्स हिलचे काका

काका, ब्लूटूथवर ऐकता का? माझ्या फोनने अपडेटनंतर गुपचूप एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त तपशील नेणारं कोडिंग) बंद करून साधं एएसी लावलं होतं. ब्लूटूथमध्ये हेडफोनच्या नावापुढचं चाक दाबा, तिथे सापडेल. पण खरं सांगू? एलडॅकसुद्धा सेकंदाला फार तर ९९० किलोबिट नेतं. तुमची फाइल उलगडली की सेकंदाला ९६,००० नमुने × २४ बिट × २ चॅनेल, म्हणजे ४,६०८ किलोबिट होतात. हत्ती रिक्षात बसवण्यातला प्रकार.
– ग्रंथालयवाली ताई

अगं, मी वायरवालाच! फोनला टाइप-सीचा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी), त्याला हेडफोन. आणि प्लेअरच्या पडद्यावर २४/९६ असं स्वच्छ लिहून येतंय.
– काका

काका, पडद्याचं खरं मानू नका. फाइल कशी आहे एवढंच तो सांगतो, डॅकपर्यंत काय पोचलं ते नाही. डॅकवरच्या दिव्याचा रंग बघा आणि माहितीपत्रकातल्या रंगांशी ताडून पाहा.

अँड्रॉइड सगळे आवाज (रिंग, मेसेजची टिंग, नकाशातल्या बाई) एकाच पातेल्यात ओततं, आणि ते पातेलं बहुधा ९६चं नाही, ४८ किलोहर्ट्‌झचं असतं. तुमच्या प्लेअरसारखी ॲप्स स्वतःच्या ड्रायव्हरने थेट डॅकशी बोलतात, पण त्याला यूएसबीची परवानगी लागते. अपडेटनंतर ती पुन्हा मागितली गेली असणार. डॅक काढा, प्लेअर पूर्ण बंद करा, डॅक परत लावा आणि खिडकी आली की 'हो' म्हणा. अँड्रॉइड १४पासून जुळणाऱ्या फोनवर सिस्टिमही असा थेट रस्ता देते, पण तो ॲपने मागावा लागतो.

मात्र नुसतं ९६चं ४८ झालं म्हणून तानपुरा मागे जात नाही. ४८मध्येही २४ किलोहर्ट्‌झपर्यंतचं सगळं मावतं, आणि आपल्या वयाला १५च्या वरचं कुणाला ऐकू येतंय? मला संशय साउंड इफेक्टचा आहे. पातेल्यातून जाणाऱ्या गाण्याला तो मसाला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आणि हो, थेट रस्ता सुरू झाला की फोनची आवाजाची बटणं चालतीलच असं नाही. हेडफोन कानाला लावायच्या आधी आवाजाची खात्री करा.
– साउंडवाला (मंडळाचा फुकट मजूर)

साउंडवाले, पाया पडतो. दिवा निळा होता, माहितीपत्रकात निळा म्हणजे ४८. खिडकीही आली होती, पण चष्मा जवळ नव्हता म्हणून मी 'नको' दाबून मोकळा झालो होतो. शिवाय इफेक्टमध्ये 'थिएटर' चालू! मी मेलो तरी असलं काही लावणार नाही.

आता दिवा जांभळा आहे, आणि जोडीच्या तारेवरची जवारी अगदी कानाशी. तुमची शेवटची ओळ मात्र मी नंतर वाचली. हेडफोन टेबलावर होता म्हणून वाचलो. षड्‌ज लागला आणि सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, ''कोण आलंय?''
– काका