मटणावर एकमत आहे, अडलंय भाजीवर

प्रेषक: शिवाजी पेठेतला, सध्या बर्फात
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

मंडळी, नमस्कार.

विषय मंडळाचा नाही, माफ करा. पण संक्रांतीच्या जेवणात उसळ कसली ठेवायची यावर दर वर्षी इथे मेलांचा पाऊस पडतो, तेव्हा जाणकार इथेच आहेत असं धरून लिहितोय.

मंगळवारी कोल्हापूरला निघतोय. २५ तारखेला नाताळची सुट्टी, सगळे मोकळे, म्हणून त्या रात्री घरी जेवण ठरलंय. चुलत घरं, आत्या आणि आम्ही मिळून २४ पानं. तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी, भात. मटणावरून आमच्या घरात वाद होत नाही. खाटीक ठरलेला, थोरला भाऊ स्वतः उभा राहून तोडून घेणार, अळणीचं (मटण शिजवलेल्या बिनमसाल्याच्या पाण्याचं) पातेलं आई दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. पाच किलो. विषय संपला.

भांडण आहे भाजीवरून. आणि या वेळी भाजी नुसती ताटाची शोभा नाही, कारण मार्गशीर्ष चालू आहे. घरातले सहा जण महिनाभर मटणाला शिवत नाहीत, आणि थोरले काका माळकरी, ते कांदा-लसूणही खात नाहीत. या सात जणांचं जेवण म्हणजे त्या भाज्याच. शिवाय दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, वर एकादशीही त्याच दिवशी. म्हणजे रात्रीतच भांडी घासून स्वयंपाकघर धुऊन निघालं पाहिजे. उरलंसुरलं फ्रीजमध्ये ढकलायची सोय नाही.

आता मागण्या. आत्याला शेपू, मूगडाळ घालून. ताटात शेपू दिसला की धाकटा भाऊ उठून गच्चीवर जातो, हे मी वाढवून सांगत नाही. आईला कारलं. वहिनीला भरलं वांगं, तर चुलत भावाला वांग्याने घसा खाजतो. माझी अकरा वर्षांची लेक भाज्यांमध्ये ब्रसेल्स स्प्राउट तेवढे खाते, तेही भाजून, आणि कपिलतीर्थ मंडईत जाऊन ते मागायची माझी हिंमत नाही. फोनवर तासभर घोळ झाला. शेवटी आई म्हणाली, "बटाटा करतो, गप खावा सगळी."

बटाट्यावर कुणाचंच भांडण नाही. पण २४ माणसं वर्षातून एकदा जमणार आणि समोर बटाटा? काहीतरी सुचवा.

*

प्रेषक: माजी सचिव काकू
शनिवार, १४ डिसेंबर, रात्री

अरे, बटाटा घरी जाऊन कधीही खा.

मी उत्तरेश्वर पेठेतली, तेव्हा हक्काने सांगते. वांगं पाहिजेच. ७ तारखेला चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात वांगं सोडणारेही आता मोकळे. कृष्णाकाठची वांगी या दिवसांत असतात तशी पुन्हा वर्षभर मिळत नाहीत. लहान, काटेरी देठाची घे. देठ ठेवून चिरा पाड आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळी पडतात. शेंगदाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं आणि चटणी. (इतर गावच्यांसाठी: आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ओल्या नारळाची नव्हे.)

काकांची वांगी आधी करायची, वेगळ्या कढईत, डाव वेगळा. आलं, जिरं, कूट, चिंच, गूळ. नंतर सवडीने करू म्हटलंस की हमखास चटणीचा डाव त्यात बुडतो आणि माळकरी माणूस दही-भात खाऊन उठतो. आमच्याकडे झालंय.

हिशोब. तू सात माणसं मोजून दीड किलो वांगी आणशील. अडीच आण. मटण खाणारा वांग्याला हात लावत नाही असं तुला वाटत असेल तर तू बरीच वर्षं बाहेर आहेस.

शेपू एक जुडी, छोट्या कढईत, आत्यापुरता. गौरी येतात त्या दिवशी शेपू-भाकरीचा नैवेद्य असतो, तेव्हा कुणी गच्चीवर जात नाही, मग आताच काय होतं? होतं हे की पातेलंभर करून प्रत्येकाच्या मागे "थोडा तरी घे" म्हणत फिरायचं. शेपू त्यानेच बदनाम झालाय. मागेल त्याला वाढा, न मागणाऱ्याला दाखवूही नका.

कारल्याचे पातळ काप, मीठ लावून अर्धा तास ठेव, घट्ट पिळ, तव्यावर तेलात कुरकुरीत होईपर्यंत परत. ती मग भाजी राहत नाही, तोंडी लावणं होतं. तोंडी लावण्यावरून कुणी भांडत नाही.

*

प्रेषक: नागपूरकर
रविवार, १५ डिसेंबर

एवढी यातायात कशाला? दुधीचे कोफ्ते करा, सगळे खातील, दुधी आहे हे कळणारही नाही. सावजी रस्सा असता तर भाजीचा प्रश्नच आला नसता, पण ते असो.

*

प्रेषक: प्रयोगशाळेतली
रविवार, १५ डिसेंबर

दुधी करणार असाल तर आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. शिजवून, गूळ घालून चालवून घेऊ नका. त्यातली कुकुरबिटासिनं विषारी असतात, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. दोडक्यालाही हाच नियम. कारल्याचा कडूपणा निराळा, तो खाण्यातलाच आहे.

लेकीबद्दल थोडं, कारण हा माझ्या आवडीचा विषय. १९३१ साली ड्यूपाँट कंपनीत आर्थर फॉक्स हा रसायनतज्ज्ञ पीटीसी नावाची पूड ओतत होता. पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून तोंड वाकडं करायला लागला, फॉक्सला काहीच लागेना. दोघेही खरं बोलत होते. पुढे २००३ मध्ये त्यामागचं जनुक हाती लागलं, टीएएस२आर३८. कोबी, मोहरी यांच्या कुळातला कडूपणा कुणाला किती लागतो हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. मात्र कारल्याचं आणि शेपूचं खापर याच जनुकावर फोडू नका. शेपूचं भांडण तर चवीपेक्षा वासाचंच.

ब्रसेल्स स्प्राउटही पूर्वीइतके कडू राहिलेले नाहीत. नव्वदच्या दशकात नेदरलँड्समध्ये त्यातली कडू द्रव्यं ओळखली, सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन, आणि मग जुनी कमी कडू वाणं शोधून नव्यांशी संकर केले. म्हणजे आपल्या पिढीला आठवतो तो ब्रसेल्स स्प्राउट मुलांच्या ताटात नाहीच.

आता उपाय. स्प्राउट आणि आपला कोबी एकाच जातीचे, ब्रासिका ओलेरासिया. कोबीचे देठासकट जाड काप करून लोखंडी तव्यावर तेल-मिठात मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी लाल करा. झाकण ठेवू नका. शिजत राहिला की गंधकाचा तो ओळखीचा वास सुटतो आणि खेळ संपतो.

*

प्रेषक: इचलकरंजीचा
सोमवार, १६ डिसेंबर

धाकट्या भावाला माझा नमस्कार सांगा. गच्चीवर आणखी एक खुर्ची ठेवा. शेपू खाल्लेला विसरला तरी ढेकर विसरू देत नाही.

*

प्रेषक: शिवाजी पेठेतला, सध्या शिवाजी पेठेत
शुक्रवार, २७ डिसेंबर

मंडळी,

हकीकत सांगायची राहिली, कारण काल दिवसभर घरात बोलायची सोय नव्हती. सकाळी घट मांडणं, आईची एकादशी, साबुदाणा, आणि पांढऱ्या रश्शाचं एक पातेलं न घासता मागे सापडलं. ते कुणी ठेवलं याचा तपास अजून चालू आहे. संशय माझ्यावर आहे.

काकू, कबूल करतो. दीड किलोच आणली. मंडईत भाजीवाली मावशी अडीच घ्या म्हणत होती, मी म्हटलं सातच माणसं आहेत. तिने ज्या नजरेने बघितलं, तेव्हाच समजायला हवं होतं.

पहिल्या पंगतीला मटणवाले बसवले, मुलं पेंगायला लागली होती म्हणून. सुकं मटण, दोन्ही रस्से, भाकरी, आणि "जरा वांगं बघू" करत प्रत्येकाने दोन-दोन घेतली. ज्याचा घसा खाजतो त्याने तीन. दुसऱ्या पंगतीला मार्गशीर्ष पाळणारी मंडळी बसली तेव्हा पातेल्यात देठं आणि तर्री. वहिनी काही बोलली नाही. न बोलणं काय असतं ते विवाहितांना सांगायला नको.

काकांची कढई आधी झाली होती, झाकून कपाटावर ठेवली होती, त्यामुळे ते तेवढे पोटभर जेवले. त्यांनी आपल्यातली दोन वांगी वहिनीच्या पानात टाकली. मग आईनेच उठून बटाटा चिरला. काचऱ्या. दहा मिनिटांत झाल्या, सगळ्यांनी खाल्ल्या आणि आई अख्खी रात्र माझ्याकडे बघत होती.

शेपू छोट्या कढईत केला, ताटांच्या रांगेत आणलाच नाही. आत्या नेहमीच्या तयारीने आली होती, म्हणजे कोण नाक मुरडतं ते बघून घ्यायच्या. कुणी मुरडलंच नाही, तर तिला जरा चुकल्यासारखं झालं. "एवढाच केलासा व्हय?" म्हणाली. उरलेला डब्यातून घरी घेऊन गेली. धाकटा गच्चीवर गेला नाही, पण कुणी विचारलं नाही म्हणून त्यालाही चैन पडेना. शेवटी स्वतःच म्हणाला, "वास येतोय हं."

कारल्याचे काप पंगत बसायच्या आधीच संपले. ओट्यापाशी येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक उचलत होता. आईला स्वतःला चार मिळाले.

कोबी लेकीने एक काप खाल्ला. दुसरा नको म्हणाली. आणि मग आजीच्या पानातल्या बटाट्याच्या काचऱ्या. असो. दुधी केला नाही.

पुढच्या वेळी शाकाहारी पंगत आधी, आणि वांगी तीन किलो. आईने हे कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलंय, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.

परतीचं विमान ३ जानेवारीला. चटणी किती किलो हवी ते रविवारपर्यंत कळवा, डंकावर (मसाला कुटून देतात तिथे) सोमवारी जाणार आहे. जास्त तिखट, मध्यम, काय ते स्पष्ट लिहा. मागच्या वेळी "नेहमीची" असं लिहिणारे पाच जण होते आणि पाचांची नेहमीची वेगळी निघाली.