आवर घालणारं हॉर्मोन आणि काकांची अंगठी

वर एकांनी लिहिलंय की उंची थांबली म्हणजे वाढीचं हॉर्मोन बंद पडतं. तसं नाही हो. ते म्हातारपणीही पाझरतं, फक्त कमी. उंची थांबते ती हाडांच्या टोकांकडच्या कूर्चेच्या चकत्या सांधल्यामुळे. वाढीच्या हॉर्मोनला आवर घालतं ते मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातलं दुसरं हॉर्मोन, सोमॅटोस्टॅटिन. १९७३ साली शास्त्रज्ञ रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेने ते मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळं काढलं. जेमतेम १४ अमिनो आम्लांची साखळी, पण स्वादुपिंडात इन्सुलिन आणि (रक्तातली साखर वाढवणारं) ग्लुकागॉन दोघांनाही दाबते!

आमच्या इंदुरात काकांची अंगठी दोन वर्षांत दोनदा सराफ्यात नेऊन वाढवून आणली. सोनार म्हणाला, "काका, पोहे-जिलबी जरा कमी करा." वजन तर होतं तेवढंच! आठ नंबरचा बूट दहावर गेला तेव्हा काकूला शंका आली. एमआरआयमध्ये पिट्यूटरीत, म्हणजे वाढीचं हॉर्मोन बनवणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीत, गाठ निघाली. ॲक्रोमेगाली, म्हणजे हे हॉर्मोन जास्त झाल्याने हातपाय वाढण्याचा आजार. शस्त्रक्रियेनंतरही हॉर्मोन चढंच राहिलं, म्हणून आता दर चार आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, कमरेत. मूळ सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत विरतं, त्याचीच ही टिकाऊ नक्कल. ते फ्रीजमधून आधी काढून ठेवायची ड्यूटी माझी.

बोटांची सूज उतरलीय, घामही कमी झालाय. रुंदावलेलं हाड काही परत बारीक होत नाही, त्यामुळे बूट अजून दहाचाच.